अनवधानाने

माझ्या लॅपटॉपवर 'एनएल_फायनल' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात एकोणीस पीडीएफ आहेत. पासपोर्टची सगळी पानं, अगदी कोरीसुद्धा. दहावी, बारावी, डिग्री, आठही सेमिस्टरच्या मार्कशीट, दोन कंपन्यांची अनुभवपत्रं, आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा. प्रत्येक फाइलला नीट नाव दिलंय, आधी क्रमांक, मग कागदाचं नाव, मग तारीख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमध्ये शिस्त नसली तरी फोल्डरमध्ये असते.

गेल्या वर्षी नेदरलँड्समधल्या एका कंपनीकडून ऑफर आली तेव्हापासून मी हा फोल्डर भरतोय. परदेशी जायच्या तयारीचे जेवढे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांचा सल्ला एकच होता. सगळ्या कागदांवर नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत एक पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर मध्ये असतं, दुसऱ्यावर शेवटी जातं, तिसऱ्यावर गायब होतं. त्यामुळे मी एक एक्सेल शीट केली. आडव्या ओळीत कागद, उभ्या रकान्यात नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. जुळलं की हिरवा रंग. एकोणीसच्या एकोणीस ओळी हिरव्या झाल्या त्या रात्री मी बिर्याणी मागवली होती.

घोळ विसाव्या कागदाने घातला. जन्मदाखला.

नेदरलँड्सला चार महिन्यांपेक्षा जास्त राहायला गेलात तर पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत नोंदणीसाठी जायचं असतं. तिथे बीएसएन नावाचा नंबर मिळतो आणि मग पगार, विमा, डॉक्टर, सगळं त्या नंबरावर चालतं. कामाचा परवाना कंपनीच काढते. त्यासाठी पासपोर्ट पुरतो. पण नगरपालिकेच्या खिडकीवर जन्मदाखला मागतात, तोही अपोस्टिल केलेला. तिथल्या कायद्यात माणसाची जन्मतारीख कशावरून धरायची याची उतरंड ठरलेली आहे. परदेशात रीतसर झालेली जन्मनोंद वरच्या पायरीवर, पासपोर्टसारखे कागद तिच्या खाली. आणि अगदी शेवटच्या पायरीवर, ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी, अधिकाऱ्यासमोर घेतलेली शपथ.

माझ्याकडे जन्मदाखला नव्हता. म्हणजे कधी लागलाच नव्हता. पासपोर्ट मी २०१८ साली काढला. त्याआधी २६ जानेवारी १९८९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखला द्यावाच लागायचा. डिसेंबर २०१६मध्ये ती सक्ती गेली आणि शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार असे कागद चालायला लागले. मी त्या उघड्या दारातून आत गेलो. दार उघडं मिळाल्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. का बरं वाटलं होतं, तेही मला माहीत होतं.

*

मला दोन वाढदिवस आहेत.

एक ९ मे. तो आधारवर, पॅनवर, पासपोर्टवर, लिंक्डइनवर आहे. ऑफिसात त्या दिवशी केक येतो. दुसरा ९ सप्टेंबर. त्या दिवशी आई सकाळी फोन करते आणि घरी असलो तर ओवाळते. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांनाच असे दोन असतात, एक शाळेचा आणि एक घरचा. जशी शाळेतली भाषा आणि घरातली भाषा.

गोष्ट साधी आहे. माझा जन्म आईच्या माहेरी, जत तालुक्यातल्या एका गावात झाला. आम्ही राहायचो इचलकरंजीत. आप्पा यंत्रमागावर, बारा तासांची पाळी, आठवड्याला दिवस-रात्र बदलायची. आई घरी शिवणकाम करायची. २००१ साली धाकटी बहीण झाली. एका खोलीत बाळ, शिलाई मशीन, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे आप्पा आणि पावणेपाच वर्षांचा मी. मला कुठेतरी बसवणं गरजेचं होतं. पहिलीत घ्यायला पाच पूर्ण लागायची. तीन महिने कमी पडत होते. आप्पांनी शाळेत जाऊन मे सांगितलं. गुरुजींनी मान वर न करता लिहून घेतलं. जन्मदाखला मागितला नाही, आणि मागितला असता तर आप्पा तो आणतो म्हणून विसरले असते.

यात नवल काहीच नाही. आप्पांचा स्वतःचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यांच्या दोन्ही भावांचाही, आणि मामाचाही. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पोराच्या वयाचा अंदाज बांधून मास्तर ती तारीख टाकायचे. दर १ जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे विनोद फिरतात. आपण हसतो. त्या विनोदात आपल्या आजोबांचा खरा जन्मदिवस कायमचा हरवलेला असतो, हे हसताना लक्षात येत नाही.

माझा मात्र हरवला नव्हता. तिथेच खरी अडचण होती.

*

मी पुण्याहून रात्रीची बस पकडून मिरजेला उतरलो आणि तिथून जतची एसटी धरली. मामा ग्रामपंचायतीच्या पायरीवर वाट बघत बसला होता. ग्रामसेवकाच्या पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांनी १९९६ची जन्म-मृत्यू नोंदवही काढली. पानांच्या कडा पिवळ्या, बांधणी सुटलेली. मी मनात एकच गोष्ट म्हणत होतो. ती काय होती हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. नोंद सापडू नये.

नोंद सापडली. ९ सप्टेंबर १९९६. पुरुष. आईचं नाव, वडिलांचं नाव. माझं नाव दुसऱ्या शाईत, बहुधा बारशानंतर लिहिलेलं. आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचा अंगठा.

आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते मी सातवीत असताना गेले. तो जांभळा ठसा मी बराच वेळ बघत राहिलो. नातू झाला म्हणून ते इथे चालत आले असतील, कुणीतरी तारीख विचारली असेल, आणि त्यांनी जी होती ती सांगितली. त्यांना त्या तारखेकडून काहीच नको होतं. म्हणून ती खरी राहिली असावी.

परतीच्या एसटीत आईला फोन केला. तिला तारखेबद्दल कधी शंका नव्हतीच. "शेवटचा श्रावणी सोमवार होता, माझा उपास होता. पुढच्या सोमवारी गणपती बसले, घरात सोयर म्हणून आम्ही लांबूनच बघितले," ती म्हणाली. मी फोनमध्ये १९९६चं कॅलेंडर उघडलं. ९ सप्टेंबरला सोमवार होता. गणेश चतुर्थी १६ला, सोमवारीच. मग सहज ९ मे बघितला. गुरुवार. त्या गुरुवारी जगात जे काही झालं असेल त्यात मी नव्हतो.

*

इचलकरंजीत एकाने एका एजंटचा नंबर दिला. फोनवर तो अतिशय नम्र होता.

"सर, टेन्शन घेऊ नका, असल्या केसेस रोज येतात. त्या गावात जायचंच नाही. आपण दुसरीकडून नोंद आढळून येत नाही असा दाखला घ्यायचा, मग उशिरा नोंदणीचा अर्ज. तारीख पासपोर्टवरची. नवीन दाखला, क्यूआर कोडसकट. मग त्याच्यावर अपोस्टिल. ओरिजिनल सर, डुप्लिकेट काही नाही."

त्याचं शेवटचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. शाई खरी, शिक्का खरा, सही करणारा अधिकारी खरा. फक्त जन्म खोटा. कायदा अशी उशिरा नोंदणी ठेवतो ती ज्यांची नोंद खरंच कधी झाली नाही त्यांच्यासाठी. माझ्यासाठी तिचा वापर म्हणजे आजोबांचा अंगठा 'आढळून येत नाही' असं सरकारकडून लिहून घेणं.

मी त्याला लगेच नाही म्हणालो नाही. "विचार करून कळवतो," म्हणालो. आणि खरोखर विचार करत होतो. माझ्या ओळखीचा एकजण याच वाटेने गेला आणि आता तिकडे सुखात आहे. त्याची मुलगी तिथल्या शाळेत जाते, सायकल चालवते. काही बिघडलं नाही.

त्या आठवड्यात मी अपोस्टिल म्हणजे नक्की काय ते वाचून काढलं. ५ ऑक्टोबर १९६१ला हेगमध्ये एक करार झाला. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर आधी वकिलातींमधून सह्यांची लांबलचक साखळी लागायची. त्याऐवजी एकच प्रमाणपत्र पुरेसं धरायचं असं ठरलं. त्याच्या डोक्यावर 'अपोस्टिल' हे शीर्षक फ्रेंचमध्येच असावं लागतं, मग कागद मराठी असो की तुर्की. भारत या करारात २००५ साली आला. आपल्याकडे आधी राज्य सरकारचं साक्षांकन होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं.

गंमत पुढे आहे. अपोस्टिल कागदातल्या मजकुराबद्दल एक शब्दही बोलत नाही. ते फक्त तीन गोष्टी सांगतं. ही सही खरी आहे, सही करणाऱ्याचं पद हे आहे, हा शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. बाळ जन्मलं का, कधी जन्मलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे एजंटचा दाखला आणि भाऊसाहेबांचा दाखला, दोन्हींवर अगदी तेच स्टिकर लागलं असतं.

सगळे देश एवढ्यावर समाधानी नसतात. भारताच्या या करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. गरज पडली तर त्यांची वकिलात इथल्या वकिलांमार्फत कागदाची तपासणी करून घेते, मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन. मला आधी हे अपमानास्पद वाटलं होतं. आमच्या सरकारच्या शिक्क्यावर विश्वास नाही म्हणजे काय? नंतर वाटलं, माझ्यासारख्यांकडे बघता त्यांचं फारसं चुकत नाही.

*

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. डेटा सुसंगत असणं आणि डेटा बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा टेबलांमध्ये एकच चुकीची तारीख असेल तर सिस्टिम तक्रार करत नाही. सगळं जुळतंय, सगळं हिरवं. एका टेबलात बरोबर तारीख आली की लाल दिवा लागतो, आणि एरर दिसते ती त्या बरोबर ओळीवर.

माझी एक्सेल शीट नेमकी हेच करत होती. एकोणीस कागद एका आप्पांच्या तोंडून निघालेले होते. पहिलीच्या रजिस्टरवरून शाळेचा दाखला, त्यावरून दहावीचं प्रमाणपत्र, त्यावरून आधार, पॅन, पासपोर्ट. एकोणीस साक्षीदार नव्हते. एकच साक्षीदार होता आणि त्याच्या अठरा झेरॉक्स. विसावा कागद एकटा होता, पण फक्त तोच त्या सोमवारी जे घडलं त्याच्या आसपास कुठेतरी उभा होता.

हे फक्त गरिबाघरच्या पोरांचं नाही. २०१२ साली देशाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग आपल्या जन्मतारखेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर १० मे १९५१, एनडीएच्या अर्जावर १० मे १९५०. निवृत्ती एक वर्ष आधी की नंतर, हा प्रश्न. न्यायालयाने स्पष्ट केलं की मुद्दा त्यांचा जन्म खरोखर कधी झाला हा नसून सेवेच्या नोंदीत कोणती तारीख मान्य झाली हा आहे. त्यांनी याचिका मागे घेतली. मी ती बातमी कॉलेजला जायच्या आधी वाचली होती, तेव्हा विनोदी वाटली होती. आता वाटतं, व्यवस्थेच्या जागेवरून ते म्हणणं रास्त आहे. कोट्यवधी अनोळखी माणसांशी व्यवहार करायचा तर ती प्रत्येकाच्या आईला फोन करू शकत नाही. ती एवढंच मागते, की एकदा जे सांगितलंस त्यावर टिकून राहा. सुसंगत राहणं हे अनोळखी माणसाशी पाळायचं एक प्रकारचं सौजन्य आहे.

मग टिकून राहायला काय हरकत आहे? एजंट तरी दुसरं काय सांगत होता? नऊ मे म्हटलंस ना, मग नऊ मेच म्हण. कुणाचं नुकसान? चार महिने लवकर म्हातारा होशील, एवढंच.

नुकसान कुणाचंच नाही, हे मी स्वतःला पूर्ण पटवू शकलो नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता, माझ्याहून दोन आठवड्यांनी मोठा. त्याच्या वडिलांनी खरी तारीख सांगितली आणि त्याला परत पाठवलं. तो एक वर्ष मागे राहिला. त्याचं पुढे नीट झालं, त्याला ते आठवतही नसेल. पण त्या जूनमध्ये रांगेत दोन बाप होते आणि शाळेने खोटं बोलणाऱ्याच्या पोराला आत घेतलं, हे खरंच आहे.

इमान्युएल कांटचा १७९७चा एक निबंध प्रसिद्ध आहे. दारात खुनी उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नये, असं त्यात आहे. कॉलेजात आम्ही त्यावर हसलो होतो. त्या निबंधाचं दुसरं म्हणणं मी तेव्हा वाचलं नव्हतं. तो म्हणतो की खोट्याने समोरच्या एका माणसाचं नुकसान होवो न होवो, माणसांच्या शब्दावरचा एकूण भरवसा कमी होतो, आणि करारमदार त्या भरवशावर उभे असतात. खुन्याच्या दाराशी हे क्रूर वाटतं. ग्रामपंचायतीच्या खिडकीशी अजिबात वाटत नाही. भाऊसाहेबांच्या शिक्क्यावर हेगजवळच्या एखाद्या कारकुनाने विश्वास ठेवायचा तर मधल्या प्रत्येकाने थोडं थोडं खरं बोललेलं असावं लागतं. आपण प्रत्येकाने थोडं थोडं खोटं बोलायचं आणि मग आपल्या कागदांवर कुणाचा विश्वास नाही म्हणून चिडायचं, हे जमत नाही.

तरी आप्पांना दोषी म्हणायला मन तयार नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी काही मिळवलं नव्हतं. शेवटी मी माझ्यापुरती एक सीमारेषा आखली. आप्पांचं खोटं मला वारशात मिळालं, जसं घर मिळतं तसं कर्जही मिळतं. ते मी सांगितलेलं नाही. ते वागवण्यात मोठं पाप नाही. पण ते झाकण्यासाठी आज, अठ्ठाविसाव्या वर्षी, डोळे उघडे ठेवून नवं खोटं तयार करणं हे माझं असेल. जुनं खोटं वागवायचं, नवं करायचं नाही.

ही रेषा मला फार आवडली. इतकी, की तिच्यावर संशय यायला हवा होता. कारण मी नुसता वारस नव्हतो. पासपोर्टच्या अर्जाखाली 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं मी सही करून सांगितलं होतं. बँकेत, विम्यात, नोकरीत. दर वेळी मला श्रावणी सोमवार माहीत होता. धर्मराजाच्या रथाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा तो रथ अश्वत्थाम्याच्या त्या अर्ध्या वाक्यानंतर जमिनीला टेकला. माझा रथ कधी वर होताच कशावरून?

आणखी एक गोष्ट टोचत राहिली. माझ्या कागदांतल्या चार महिन्यांच्या फरकाची जास्तीत जास्त किंमत काय? जॉइनिंग पुढे जाणं, फार तर ऑफर जाणं. ऑगस्ट २०१९मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसं तिच्या बाहेर होती. तिथे नावातल्या एखाद्या अक्षराच्या, वयाच्या तफावतीवरून लोकांनी सुनावण्यांना चकरा मारल्या. तो त्यांच्या देशाचा प्रश्न होता, माझ्यासारखा दुसऱ्या देशाचा नाही. माझ्या आप्पांसारखेच कुणी बाप, त्यांच्या मास्तरांसारखेच कुणी मास्तर. खोटं माफ होणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे. सगळ्यांना ती सारखी मिळत नाही.

*

मग मी काय केलं? एजंटला नाही म्हणालो. सप्टेंबरचा दाखला घेतला, त्याचं साक्षांकन आणि अपोस्टिल करून घेतलं. शाळेत जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज दिला. शाळा सोडल्यावर तारीख बदलणं फार अवघड असतं हे तिथल्या कारकुनांनी मला तीनदा सांगितलं, तरी अर्ज ठेवून घेतला. आणि कंपनीला ईमेल लिहिली. माझ्या दोन कागदांवर दोन तारखा आहेत, जन्मदाखल्यावरची खरी आहे, पासपोर्टवरची का वेगळी आहे हे असं असं. पाठवण्याआधी ती ईमेल तीन दिवस ड्राफ्टमध्ये होती.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या वकिलाने दोन्ही कागद आणि एक लेखी खुलासा मागितला. जॉइनिंग १ फेब्रुवारीवरून १ मेवर गेली. ऑफर कायम ठेवायची की नाही हे सगळं बघून ठरवू, असंही सभ्य भाषेत लिहिलेलं होतं. हे लिहितोय तोपर्यंत ते ठरलेलं नाही. इथल्या नोकरीचा राजीनामा मी आधीच देऊन बसलो होतो. तुम्ही जाणार असाल तर माझ्याकडून एवढं घ्या: आधी जन्मदाखला काढा, मग बाकीचं. आणि राजीनामा सगळ्यात शेवटी.

खुलाशासाठी आप्पांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी सुट्टीत घरी गेलो. आप्पा आता मागावर जात नाहीत, कानाने कमी ऐकू येतं. तीस वर्षांच्या खडखडाटाने गेलं ते. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "माझ्यामुळं तुझं अडलं म्हण की."

"तसं नाही आप्पा. तुम्ही फक्त एक सही करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टाच्या आवारात गेलो. झाडाखाली टाइपिस्ट बसतात, आता त्यांच्याकडे टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप आणि प्रिंटर असतो. आमच्या टाइपिस्टकडे मसुदा तयार होता, फक्त नावं भरायची. त्याने प्रिंट काढली. मी चाळली, बरोबर होती. आप्पांच्या पुढे केली, पेन दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आप्पा सातवी शिकलेत. सावकाश, बोट ठेवून वाचतात.

बोट एका शब्दावर थांबलं.

"अनवधानानं म्हंजे रं?"

त्या वाक्यात असं होतं: 'शाळेत प्रवेश घेतेवेळी माझ्याकडून मुलाची जन्मतारीख अनवधानाने चुकीची सांगितली गेली.'

"म्हणजे चुकून. लक्ष नसताना," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो.

"चुकून नव्हतं ते."

"काका, सगळ्यांचं तसंच लिहितात," टाइपिस्ट म्हणाला.

"सगळ्यांचं आसंल. मी चुकून नव्हती सांगितली. रात्रपाळी करून आलो आन् शाळेत गेलो. जाताना वाटंनं तारीख पाठ केली होती. हिच्याकडून पण घोकून घेतली, कुणी विचारलं तर मेच सांगायचं म्हणून."

मला घाम फुटला. लेखी कबुली म्हणजे उद्या कुणी काही केलं तर? वयाच्या साठीत त्यांना कोण कुठे बोलावेल? मी त्यांना म्हणालो, "आप्पा, राहू दे. शब्दच आहे तो. सही करा."

हे बोललो आणि थांबलो. माझी ती सुंदर सीमारेषा. जुनं वागवायचं, नवं करायचं नाही. हातात पेन धरून मी बापाला नवं खोटं सांगायला लावत होतो, तेही खरं सांगण्याच्या कागदावर. आणि या वेळी ते आप्पांचं नव्हतं. माझं होतं.

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. त्यांना बहुतेक खरंच कळत नव्हतं की एवढ्या लांबून, एवढे पैसे घालून हा खरी तारीख सांगायला निघालाय, आणि मग इथे का अडतोय.

"काय लिहू मग?" टाइपिस्टने विचारलं. "असं सरळ लिहिलं तर उद्या कुणी विचारील, काका."

"विचारू द्यात की. सांगीन." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "घरात बाळ होतं, मी रात्रपाळीला, पोराला बघायला कुणी नव्हतं. शाळेत लवकर घ्यावं म्हणून सांगितली. आसं लिहा. जे झालं ते लिहा."

टाइपिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्याने 'अनवधानाने' हा शब्द काढला आणि त्या जागी आप्पांचं वाक्य घातलं, थोडं शुद्ध करून. नवी प्रिंट आली. आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून, सगळी वाचली. मग सही केली, त्यांची ती तुटक अक्षरांची, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली सही. नोटरीने शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली.

टाइपिस्टने पैसे घेतले, सुटे परत दिले आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं. त्याचीही जन्मतारखेचीच भानगड होती. टाइपिस्टने मसुद्याची जुनी फाइल उघडली. तिच्यात 'अनवधानाने' होतं तिथेच होतं.